साकवापलीकडची शाळा

काशिनाथ परुळेकरांना बोलण्याचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. मालवणात त्यांचं जाळी, दोर आणि रंगांचं दुकान होतं. गिऱ्हाईक साधा ब्रश घ्यायला आलं, तरी रस्ते, वीज आणि बंदर यांवरचे त्यांचे विचार ऐकूनच पायरी उतरायचं. त्यामुळे एका छोट्या पक्षाने त्यांना विधानसभेचं तिकीट दिलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. प्रचाराला त्यांनी विषय घेतला शिक्षणाचा. पत्रकावर ठळक छापलं होतं की चार-दोन पोरांच्या शाळा बंद करून त्या त्या भागातल्या एकाच मोठ्या शाळेत सगळ्यांना एकत्र आणू. नवी इमारत, संगणक, मोठं मैदान आणि मुलांना ने-आण करायला गाडी.

पत्रकं छापून आली तशी एक प्रत घेऊन ते थेट स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको स्वप्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती.

"वाच गो. कसां वाटता?"

स्वप्नाने पत्रक वाचलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. "आचारसंहिता आसा. मी सरकारी नोकर. माझा मत मी मतदानाच्या दिवशी देतलंय."

"घरात खंयची इली आचारसंहिता?"

"तुमी उमेदवार, मी मास्तरीण. जेवा आता, सार थंड होता."

एरवी हीच बाई त्यांच्या सदऱ्याच्या रंगावर, मिशीवर, प्रचाराच्या रिक्षावरच्या गाण्यावरसुद्धा न विचारता मत द्यायची. आणि आता शाळेची गोष्ट निघाली, तर तोंडाला कुलूप! काशिनाथांना जेवण गोड लागेना.

पुढच्याच आठवड्यात त्यांची सभा धामापूरच्या पलीकडे कातळवाडीत लागली. स्वप्नाची शाळा याच वाडीत. ती रोज स्कूटरने इथे येते एवढं त्यांना ठाऊक होतं, पण स्वतः ते कधी फिरकले नव्हते. या वेळीही प्रचाराची जीप लांबच्या खडकाळ वळशाने कशीबशी वाडीत पोचली, त्यामुळे रोजची पायवाट त्यांनी पाहिलीच नाही. शाळेच्या आवारात प्रचार चालत नाही, म्हणून सभा एका अंगणात भरली. भाषण रंगात आलं असताना जानकी नावाची एक तरुण बाई उठून उभी राहिली. तिची दोन मुलं याच शाळेत होती.

"भाऊ, आमच्या पोरांक न्हेवक गाडी येतली मां?"

"येतली तर! दारात येतली."

"साकवावरसून? आमच्या व्हाळावरचो साकव माणसांचो आसा, गाडयेचो नाय."

अंगण हसलं. काशिनाथही हसले. "रस्तो करूया."

"आणि तवसर?"

"तवसर जरा चलान जावचां. कितीसां लांब आसा?"

"मगे उद्या सकाळी येवा," जानकी म्हणाली. "आमच्या पोरांवांगडा मोठ्या शाळेपर्यंत चला. तुमकाच कळतलां."

प्रचाराचं सगळं बघणाऱ्या मंगेशने मागून सदरा ओढला, पण काशिनाथ "येतंय!" म्हणून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकी, तिचा विराज, धाकटी अवनी आणि उमेदवार अशी मंडळी निघाली. विराज वाटेतलं प्रत्येक बीळ दाखवत होता. त्या नादात सड्याचा उघडा कातळी चढ कधी आला ते काशिनाथांना कळलं नाही, पण आल्यावर मात्र चांगलंच कळलं. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. चपलेचा अंगठा तुटला. मग उतारावर अवनी एका दगडावर बसली आणि तिने जाहीर केलं, "माका शाळा नको. माका घरी व्हरा." काशिनाथांनी तिला खांद्यावर घेतलं, चप्पल हातात घेतली आणि तशाच थाटात ते ओढ्यावरच्या अरुंद साकवावर आले.

समोरून स्वप्ना येत होती. स्कूटर पलीकडे लावून, साडीचा पदर खोचून, पोरांच्या चित्रांची गुंडाळी काखेत घेऊन. नवऱ्याला त्या अवतारात बघून तिचे ओठ थरथरले, पण ती हसली नाही. कुणीही उमेदवार भेटावा तसे तिने हात जोडले. "नमस्कार."

"नमस्कार, बाई," काशिनाथ धापा टाकत म्हणाले.

"बाई, आज आमका उशीर होतलो," जानकी म्हणाली. "उमेदवारांक शाळा दाखवूक चललंव."

"सावकाश येवा," स्वप्ना म्हणाली आणि भराभर पुढे गेली. वळणापलीकडून तिचं हसू मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

मोठ्या शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना केव्हाच संपली होती. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं आणि ते म्हणाले, "मुलं आली तर आनंदच आहे. पण आमच्याकडेच एक शिक्षक निवृत्त झाले, जागा भरलेली नाही. तिसरी-चौथी एकत्र बसते. बिल थकलं म्हणून वीज तोडलीय, त्यामुळे संगणक झाकून ठेवलेत."

काशिनाथांनी खिशातून पत्रक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुख्याध्यापकांचा शब्दन् शब्द टिपून घेतला. त्यांना ओळखणाऱ्या कुणी हे पाहिलं असतं, तर डॉक्टर बोलावला असता.

संध्याकाळी मालवणच्या भरड नाक्यावर सभा होती. मंगेश घायकुतीला आला. "भाऊ, पत्रकां वाटून झाली! आता काय बदलतास?"

काशिनाथ व्यासपीठावर चढले. "कातळवाडीची शाळा कातळवाडीतच राहील," ते म्हणाले. "रिकाम्या जागांवर कायमचे शिक्षक येतील. शाळेचं वीजबिल सरकार भरेल. आणि दर शनिवारी सगळ्या वाड्यांची मुलं मोठ्या शाळेत एकत्र येतील, खेळायला आणि गाणी शिकायला. गाडी साकवाच्या अलीकडे उभी राहील."

"परवा वेगळांच सांगी होतास!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"होय रे. परवा मी गाडयेत बसान सांगी होतंय. आज चलान इलंय."

हशा थांबल्यावर दुसऱ्याने विचारलं, "पैशे खंयसून हाडतलास?"

"नव्या इमारतीला कबूल केले होते ना, ते आता शिक्षकांच्या पगाराला जातील. इमारत काही शिकवत नाही."

टाळ्या खूप पडल्या. मतं मात्र थोडी कमी पडली आणि काशिनाथ हरले. पण त्यांची शनिवारची कल्पना लोकांना इतकी आवडली होती की, निवडून आलेल्या उमेदवाराने मतदानाआधीच ती आपल्याही भाषणात घेतली होती. आता त्याला ती पाळणं भाग होतं.

निकालाच्या संध्याकाळी घरातली गर्दी पांगल्यावर स्वप्ना त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"तुमच्या पयल्या पत्रकातला सगळांच चुकीचां नव्हतां," ती म्हणाली. "माझ्या पोरांची खो-खोची एक बाजूसुद्धा होना नाय. ता माका कायम टोचता."

"मगे तेवा कित्या नाय बोललंस?"

"शाळा माझी. मी बोललंय असतंय तर तुमी माझ्यासाठी मत बदललां असतां. ता माका नको होतां. तुमचा तुमका कळाक होयां होतां."

काशिनाथांनी तिचा हात हातात घेतला. हरल्याचं जे काही मनात होतं, ते तिथेच निवळलं.

जानेवारीत पहिला शनिवार भरला. आजूबाजूच्या वाड्यांची पोरं मोठ्या शाळेच्या मैदानावर उतरली आणि कातळवाडीची मुलं शेजारच्या वाडीच्या मुलांत मिसळून पहिल्यांदाच पुरी ओळ धरून बसली. शिट्टी स्वप्नाकडे होती. कुणीतरी अवनीच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हटलं. ती उठली ती सरळ उलट्याच दिशेने धावत सुटली. "थंय नाय गो, हंय!" विराज ओरडला, जानकी ओरडली, कुंपणाशी उभे असलेले काशिनाथ ओरडले. अवनीने कुणाचंच ऐकलं नाही. ती धावत जाऊन खांबाला बिलगली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली. स्वप्नाला इतकं हसू आलं की शिट्टी काही केल्या वाजेना.