शेवटचा रकाना

दुपारच्या जेवणात चिली, म्हणजे खिम्या-राजम्याचा झणझणीत रस्सा, आणि दालचिनीचे रोल होते, त्यामुळे दीड वाजता शाळा मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये बसलेले चोवीस शिक्षक पेंगुळले होते. लोर्ना हाव्लिक तेवढी टक्क जागी होती. असल्या प्रशिक्षणात तिला झोप येत नसे, राग येत असे. बावीस वर्षं चौथीला शिकवल्यावर लिंकन शहरातून कुणी बाई येणार, हुशार मूल कसं ओळखायचं ते सांगणार, आणि आपण छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवून ते ऐकायचं. आपल्याच स्वयंपाकघरात येऊन कुणी अंडं उकडायला शिकवावं तसं तिला वाटे.

गावात तिचा लौकिकही तसाच होता. पाचवीच्या प्रज्ञावर्गाची, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गाची, यादी लागली की निम्मी नावं लोर्नाच्या वर्गातली असत. ‘हाव्लिकबाईंची नजर’ असं पालक म्हणत. ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, म्हणजे अगदी नीट ऐकायची.

लिंकनच्या बाईंचं नाव थेडा मॅकब्राइड. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज इतका हळू की मागच्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या. त्यांनी प्रत्येक टेबलावर एक जाड पाकीट ठेवलं.

“ही तुमच्याच मंडळातली, याच वर्षीची मुलं आहेत,” त्या म्हणाल्या. “थोड्या गुणांनी हुकलेली. मुलांची आणि शिक्षकांची नावं झाकली आहेत. यादी आज चार वाजता बंद होते, म्हणून मुद्दाम हीच आणली. दहा वर्षांपूर्वीच्या मुलांवर चर्चा करायला सगळ्यांनाच आवडतं. तिथं काही करावं लागत नाही ना.”

लोर्नाच्या टेबलावर तिच्याखेरीज दोघं होते. एक निकी, यंदाच नोकरीला लागलेली, सगळं वहीत उतरवून घेणारी. दुसरा ड्वेन क्लासेन, आठवीला विज्ञान शिकवणारा, अंगानं आडवा आणि तोंडानं फटकळ. ड्वेनची मुलगी ब्रिन यंदा लोर्नाच्या वर्गात होती आणि तीन आठवड्यांपूर्वी लागलेल्या कच्च्या यादीत तिचं नाव होतं. त्यामुळे सकाळपासून ड्वेननं लोर्नाला तीन वेळा कॉफी आणून दिली होती, साखर घालून, ढवळून.

निकीनं पाकीट उघडलं. वर भागाकारांचा कागद होता. पन्नास गणितं आणि पन्नासही कोरी. खाली लाल शाईत शून्य आणि ‘सूचना पाळली नाही’, त्याखाली दोन रेघा.

लोर्नानं त्या दोन रेघा पाहिल्या. शब्दाखाली दोन रेघा मारायची सवय तिची होती. आणि कागद असा कोरा देणारी तिच्या वर्गात एकच मुलगी होती, विनी रॅस्मुसेन.

“मागे काहीतरी आहे,” निकी म्हणाली आणि तिनं कागद उलटला.

मागे मधोमध सात लिहिला होता आणि भोवती गोलात सहा आकडे: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. एका आकड्यातून दुसऱ्याकडे बाण, सहावा बाण फिरून पुन्हा पहिल्याकडे. बाजूला वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, एकाला सातनं भागलं तर हे चाक एकापासून फिरतं, दोनाला भागलं तर दोनापासून, तिनाला भागलं तर चारापासून, सहापर्यंत सगळ्यांना हेच चाक. त्याखाली तेरा, आणि तेराभोवती दोन वेगळी चाकं. सगळ्यांत खाली एकच ओळ होती. ‘साताला एक चाक पुरतं, तेराला दोन का लागतात?’

ड्वेननं फोनवर आकडे दाबून पाहिले. एकदा, दोनदा. मग फोन खाली ठेवला.

“बरोबर आहे. चौथीतलं पोर आहे हे? माझी आठवीतली कार्टी सातनं भागायचं म्हटलं की पोट दुखतंय म्हणतात.”

लोर्नानं कागद जवळ ओढला. कागदाची ही बाजू ती आज पहिल्यांदा बघत होती. तेव्हा पुढची बाजू कोरी दिसली, तिनं शून्य दिलं, आणि कागद गठ्ठ्यात गेला. मागे वळवून बघायचं कारणच काय होतं?

पाकिटात पुढचा कागद शिक्षकाच्या अभिप्रायाचा होता. निवडीत तीन हिस्से असत, एक परीक्षेचा, एक वर्षाच्या गुणांचा आणि एक या कागदाचा. मुलाविषयी पंचवीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे पाच रकाने: नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही, आणि शेवटचा, पाहिलं नाही. इथं पंचवीसही खुणा ‘कधीच नाही’मध्ये होत्या, वरून खालपर्यंत एका ओळीत.

“ही बाई फॉर्म भरत होती की भिंत रंगवत होती?” ड्वेन म्हणाला.

निकी फिसकन हसली. आणि लोर्नाही हसली. तोंड आपोआप हसलं, पण त्या हसण्याची तिला तिथल्या तिथं इतकी लाज वाटली की कान तापले.

थेडाबाई टेबलाशी आल्या. “काय दिसतंय?”

“मूल दिसतंय,” ड्वेन म्हणाला. “मास्तरीण झोपलेली दिसत्येय.”

थेडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना उद्देशून विचारलं, “हा शेवटचा रकाना आजवर किती जणांनी वापरलाय?”

एकही हात वर झाला नाही.

“का बरं?”

“मुख्याध्यापक विचारतील ना, वर्षभर वर्गात बसून करत काय होतात म्हणून,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल पोट धरून हसला.

“म्हणून मग जे पाहिलं नाही, ते ‘कधीच नाही’मध्ये जातं,” थेडाबाई म्हणाल्या. “तुमच्या मंडळाचा नियम मी वाचलाय. निम्म्याहून जास्त खुणा शेवटच्या रकान्यात असल्या, तर शिक्षकाचा अभिप्राय धरतच नाहीत. समिती मुलाला बोलावते, त्याच्याशी बोलते, त्याचं काम बघते. हा फॉर्म यादी बंद होईपर्यंत बदलता येतो, पण ज्यानं भरला त्यालाच. तेवढ्यात बदलला नाही तर पुढची संधी सातवीत.”

“आणि एक बदलला तर त्या शिक्षकाचे बाकीचे?” निकीनं विचारलं.

“सगळ्या वर्गाचे पुन्हा वाचले जातात. निवडलेल्या मुलांचेसुद्धा.”

“मग झालंच,” ड्वेन म्हणाला. “निवडलेल्या मुलांचे पालक दारात येऊन बसतील. ही बाई कशाला तोंड उघडते?”

लोर्ना कॉफीच्या टेबलाकडे गेली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. कार्यालय खालच्याच मजल्यावर होतं, चौदा पायऱ्या उतरल्या की झालं. तिनं कप भरला आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली.

विनीचं काय अडणार आहे, ती स्वतःला सांगू लागली. दोनच वर्षं. सातवीत पुन्हा परीक्षा होईल. परीक्षेत तिला गुण चांगलेच होते, चारच कमी पडले. आणि बापाची काही तक्रारही नाही.

मग तो बाप तिला आठवला. धान्याचा ट्रक चालवणारा, अबोल माणूस. फेब्रुवारीत पालकभेटीला आला तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला होता. निघताना म्हणाला होता, “बाई, ती घरी गोल काढून त्यात आकडे लिहीत बसते. ते काय असतं?” आणि लोर्नानं घड्याळाकडे बघत सांगितलं होतं, “आधी दिलेलं काम पुरं करायला सांगा तिला.” तो बरं म्हणाला होता.

त्यानं घरी जाऊन तसंच सांगितलं असणार. कारण मागच्याच आठवड्यात विनीनं पहिल्यांदा अख्खा कागद भरून दिला होता. पन्नास भागाकार, पन्नास उत्तरं, ओळीत. लोर्नाला बरं वाटलं होतं. तिनं त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली होती. परत देताना तो कागद उलटा झाला होता आणि मागची बाजू कोरी होती. ते तिनं पाहिलं होतं आणि शिस्त लागली म्हणून मनात खूशही झाली होती.

दोन वर्षं. दोन वर्षांत ही पोर अशा किती चांदण्या मिळवील, आणि सातवीत जाईल तेव्हा तिच्याकडे विचारायला काय उरलेलं असेल? लोर्नानं कप खाली ठेवला. कॉफी थोडी सांडली, ती तिनं पुसली नाही.

टेबलापाशी येऊन ती बसली नाही. “ती बाई मी आहे,” ती म्हणाली.

ड्वेन हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. “चेष्टा करू नकोस.”

“माझं अक्षर आहे. मुलगी माझ्या वर्गातली आहे. मी खाली फॉर्म बदलायला चालल्येय.”

निकीचं पेन थांबलं. ड्वेनला सगळं समजायला फारसा वेळ लागला नाही. माणूस फटकळ असला तरी मंद नव्हता.

“लोर्ना, बस खाली,” तो हळू म्हणाला. “ब्रिननं आजीला फोन करून सांगितलंय. शनिवारी केक आहे. यादीतून काढलं तर पोर मरून जाईल.”

“काढतीलच असं नाही.”

“पण काढू शकतात. कुणाची कोण ती मुलगी, तिच्यासाठी? खरी हुशार असेल तर ती कुठं जात नाही. सातवीत दिसेलच.”

“हेच तर मी बावीस वर्षं म्हणत आले,” लोर्ना म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.

खाली कार्यालयाच्या खिडकीमागे मिसेस प्रोकॉप टेबल आवरत होत्या. चाराला दहा मिनिटं होती.

“विनी रॅस्मुसेनचा अभिप्राय बदलायचाय.”

“आत्ता?” मिसेस प्रोकॉपनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं, गेल्या कित्येक वर्षांत कुणी बदलला नाही. नवा भरावा लागेल. पंचवीसही वाक्यांपुढे खूण पाहिजे, एक राहिली तरी संगणक घेत नाही. आणि हा कागद तुझ्या फाइलीला कायम लागतो, सांगून ठेवते.”

“द्या.”

पहिलं वाक्य होतं, ‘मूल अनपेक्षित प्रश्न विचारतं.’ लोर्नाचं पेन तडक ‘नेहमी’कडे गेलं. आणि रकान्याच्या वर थांबलं. विनीनं वर्गात प्रश्न विचारलेला तिनं ऐकला होता का? तेराचा प्रश्न तर तिनं आज वाचला, तोही दुसऱ्यानं कागद उलटला म्हणून. तेव्हा न बघता ‘कधीच नाही’ लिहिलं, आता न बघता ‘नेहमी’ लिहायचं, म्हणजे पोरीला तिनं अजूनही पाहिलेलं नव्हतंच. तिनं शेवटच्या रकान्यात खूण केली.

‘वयापेक्षा अवघड गोष्टी वाचतं.’ पाहिलं नाही. ‘विनोद चटकन समजतो.’ पाहिलं नाही. ‘अन्याय झालेला सहन होत नाही.’ हे वाचून तिला क्षणभर पुढे जाता येईना. मग तिथंही तीच खूण. सात महिने ही मुलगी तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, तिच्यापासून दहा पावलांवर बसली होती. ‘एखाद्या गोष्टीत भान विसरून रमतं’ एवढ्या एकाच वाक्यापुढे तिला खात्रीनं ‘नेहमी’ लिहिता आलं, कारण त्यावरून ती विनीला रोज रागवत असे.

मिसेस प्रोकॉपनी कागद घेतला, रकाना बोटानं मोजला आणि बोट पुन्हा वर नेलं. “चोवीस? लोर्ना, हे वाचून लोक काय म्हणतील?”

“जे आहे तेच म्हणतील.”

शिक्का बसला. तीन वाजून पंचावन्न मिनिटं. मिसेस प्रोकॉपनी फोन उचलून समितीत कळवलं, की एका मुलीला भेटीला बोलवायचंय. लोर्नानं खिडकीच्या कडेला हात टेकले.

ड्वेन जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. केव्हा आला होता कोण जाणे.

“ब्रिनच्या फॉर्मवर काय लिहिलंयस?” त्यानं विचारलं.

“पंचवीसही ‘नेहमी’.”

“आणि खरं काय?”

लोर्नानं ब्रिनला डोळ्यांपुढे आणलं. आखीव समास. वेळेवर गृहपाठ. उत्तर येत असलं की वर जाणारा हात आणि येत नसलं की खाली गेलेली मान. एकटी असताना ती पोरगी कशाचा विचार करते, तिला कसली भीती वाटते, तिनं कधी काही उगाचच करून पाहिलंय का, यातलं एकही तिला ठाऊक नव्हतं.

“मला माहीत नाही, ड्वेन.”

ड्वेनचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. “तीन आठवडे माझी पोरगी स्वतःला हुशार समजत्येय,” तो म्हणाला. “तू सांगितलंस म्हणून.”

आणि दुसरी एक पोरगी सात महिने स्वतःला ढ समजत होती, तेही तिनंच सांगितलं म्हणून. दोघींपैकी एकीलाही तिनं काही विचारलं नव्हतं.

मिसेस प्रोकॉप खिडकीचं दार खाली ओढत होत्या. लोर्नानं त्याखाली हात घातला.

“ब्रिन क्लासेनचाही कोरा फॉर्म द्या,” ती म्हणाली.

ड्वेन निघून गेला नाही. मिसेस प्रोकॉपनी सुस्कारा टाकला आणि गठ्ठ्यातून एक कागद सरकवला. चाराला तीन मिनिटं होती आणि वाक्यं पंचवीस होती. तिनं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.