घाटातली डबल बेल

डोंबिवलीत पुतणीच्या साखरपुड्यात दौलतराव सात मिनिटं गप्प बसले, तेव्हाच घरच्यांना कळलं की काहीतरी गंभीर आहे. उजव्या हातातली जिलबी निसटली. बोलायला गेले तर तोंडातून शब्दांचा नुसता लगदा निघाला. आठव्या मिनिटाला हात, जीभ आणि जिलबी कच्ची असल्याची तक्रार, तिन्ही एकदमच परत आली.

तरी माजिवड्याच्या इस्पितळात डॉक्टर योगिनींनी पडद्यावर त्यांच्या मानेतली डावी रक्तवाहिनी दाखवली. मेंदूकडे जाताना ती दोनदा वळत होती आणि दुसरं वळण संपतं तिथेच ऐंशी टक्के बुजली होती.

"हा तर माळशेज घाट," दौलतराव म्हणाले. कल्याण डेपोत चौतीस वर्षं ते एसटीचे कंडक्टर होते. "वर दरड कोसळलीय."

"दरड कडेला दाबायची आणि आत जाळीची नळी बसवायची. स्टेंट. जांघेतून तार घालून वरपर्यंत नेईन. वळणं वाईट आहेत, पण मी नेते. पुढचा झटका सात मिनिटांत सोडणार नाही, काका. वाचा कायमची जाईल."

"मग घरात बोलणार कोण?"

"मी आहे की," त्यांच्या पत्नी कलावतीबाई फटकन म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसू लागल्या. दौलतरावांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

ऑपरेशनला भूल दिली ती फक्त जांघेपुरती. मेंदूला रक्त पोचतंय की नाही याची खबर देणारा माणूस जागा हवा ना! दौलतरावांच्या उजव्या हातात रबराचं पिवळं बदक दिलं. दाबलं की पीं करायचं.

"बोलायचं नाही, मान हलवायची नाही," योगिनींनी बजावलं. "मी सांगितलं की बदक एकदा दाबायचं."

तार निघाली. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यात शिरताना योगिनी म्हणाल्या, "काका, दाबा."

पीं पीं.

"एकदाच, काका."

पीं पीं.

"मॅडम, सांगितलेलं कळत नाहीये त्यांना," सहायक डॉक्टर मितेश हळूच म्हणाला. "मेंदूत काही गेलं असेल. तार मागे घेऊया?"

"शेवटचं विचारते. काका, एकदा!"

दौलतराव मोठ्या पेचात पडले. एक बेल म्हणजे थांब. चौतीस वर्षांत घाटाच्या ऐन वळणावर त्यांनी एक बेल कधी दिली नव्हती. तिथे थांबलेली गाडी पुन्हा चढत नाही. आणि ही माणसं तर उलटी फिरवायला निघाली! बोलायची बंदी होती, पण प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न होता. प्रवासी ते स्वतःच होते.

"मॅडम," ते मान तसूभर न हलवता म्हणाले, "एका बेलला गाडी थांबते, दोनला सुटते. वळणावर थांबायचं असेल तर सांगा, देतो एक. पण जबाबदारी तुमची."

मग मास्कच्या आड योगिनी खुदकन हसल्या. शब्द न् शब्द खणखणीत होता. याहून चांगली खबर बदक देऊ शकलं नसतं. "बरोबर आहे तुमचं. मग द्या डबल!"

पीं पीं.

तार पलीकडे गेली. बुजल्या जागी फुगा फुगला, दौलतरावांना जरासं गरगरलं, डबल बेल मात्र वेळच्या वेळी येत राहिली. जाळी बसली. पडद्यावर रक्त भरधाव वर जाताना दिसलं, तेव्हा कुणी न सांगता बदक एकदाच वाजलं.

संध्याकाळी कलावतीबाई खाटेपाशी बसल्या. कोणाकोणाचे फोन आले, कोणाचा आला नाही, साखरपुड्याचा आचारी खरंच कसा बिनडोक होता, सगळं सविस्तर सुरू झालं. दौलतरावांनी उशीखालून बदक काढलं आणि एकदा दाबलं.

कलावतीबाई थांबल्या. त्यांनी बदक काढून घेतलं, दोनदा दाबलं आणि म्हणाल्या, "तर काय सांगत होते मी?"