लुंगचिंग चाखणारी वाटी

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी, पांढरी वाटी आहे. वाटीने बढाई मारू नये. पण एके काळी चीनचा हिरवा चहा माझ्यात चाखला जाई.

१९८६ साली कमलाकांतशेठनी बोईसरला चीनचा चहा पाकिटांत भरण्याचा लहानसा कारखाना काढला. कुठला माल घ्यावा हे ठरवायला पारखी जीभ हवी होती. ती निघाली पाकिटं चिकटवणाऱ्या मंजुळाकडे, नवापूरच्या मच्छीमाराच्या पोरीकडे! ती चमच्याने फुर्रकन घोट ओढी, जिभेवर घोळवी आणि थुंकून टाकी.

"शेट, यो गोल्यांचा चाय धुरकट हाय," ती सांगे. "वाकड्या पानांचा आंबूस, करवंदासारका. न यो चपटा लुंगचिंग, भाजलेला चिंचोकाच! मागून गोड लागतं."

तिचं कधी चुकलं नाही. माल विकत घेणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला तिची पारख पटली, तर चहा चाखायची कायमची नोकरी तिचीच, असा शेठनी शब्द दिला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आणि ऐन पावसाळ्यात त्याला चाखवायचा लुंगचिंगचा नमुना सादळला. शेठ मुंबईला, व्यापारी दोन दिवसांवर. मंजुळाने चहा घरी नेला. जवळा सुकवायची चटई तीनदा धुतली, उघडीप मिळताच उन्हात टाकली आणि तिच्यावर चहा पसरला. चहा शेजारचा वास लगेच ओढून घेतो, हे तिला ठाऊक होतं. धुतल्यावरही चटईला वास आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्या वासातच ती जन्मली होती. तो तिला कधी आलाच नाही.

दोन दिवसांनी शेठबरोबर आलेल्या व्यापाऱ्याने घोट घेतला आणि थुंकला. "मासळी!"

शेठनीही चाखला. त्यांचा चेहरा पडला. मंजुळाने मला ओढून घेतलं. एक घोट, दुसरा, तिसरा.

"चिंचोका हाय, शेट. मासली कुटं हाय?"

"मंजुळा, तुला खरंच वास येत नाही?"

"नाय येत," ती म्हणाली आणि चटईचं सगळं खरं सांगून टाकलं. चीनच्या मालावर ढकललं असतं, तर निभावलंही असतं. शेठ रागावले नाहीत. पण पुन्हा एकही नमुना तिच्यापुढे आला नाही. ती परत पाकिटांवर गेली आणि माझ्यात डिंक आला.

मित्रांनो, कुणाला उणं सांगायचं असेल, तर चारचौघांत सांगू नका हो. वाटी फुटली तर दुसरी मिळते. मंजुळा आता घरचा साधा चहासुद्धा दुसऱ्याला विचारून पिते. काम करता करता मधेच ती पदर नाकाशी धरते, खोल श्वास घेते आणि शेजारच्या भागीला विचारते, "खरं सांग गो, माजा वास कसा येतं?"

भागी खाली मान घालून पाकीट चिकटवत राहते.