जीवखड्यातला थेंब

मी राजघाटावरचा एक थेंब बोलतोय. पाण्याचा नव्हे हो, तसले तापीत खंडीभर आहेत. मी धातूचा थेंब. मोहरीपेक्षा जरासा मोठा, काळ्या दगडाच्या पोटात गोठलेला. वय साडेसहा कोटी वर्षं, तेव्हा अरे-तुरे बेतानं करा.

शाळा मला नाही. एकदा कॉलेजचे मास्तर पोरांना घेऊन घाटावर आले आणि भिंगातून माझ्याकडे बघत बोलले, तेवढीच माझी शिकवणी. पोरं मोबाइलात होती, ऐकलं मी एकट्यानं.

माझा जन्म तापलेल्या लाव्ह्यातला. आमटीवर तेल कसं वेगळं होऊन तरंगतं, तसे त्या रसातून लोखंड-गंधकाचे आम्ही थेंब वेगळे झालो. मास्तर आम्हाला ‘सल्फाइड’ म्हणाले. आमची जात हावरट! रसातलं तांबं, निकेल, दिसेल ते गिळायचं. असे लाखो थेंब एकमेकांत मिसळले की जड होऊन तळाशी बसतात, तिथंच गोठतात. मग माणसं त्याला खाण म्हणतात, नकाशात नाव घालतात.

माझ्या नशिबी ते नव्हतं. आमचा लाव्हा उघड्यावर पसरला आणि भरभर निवला. शेजारचा थेंब चार बोटांवर होता. हाक मारेपर्यंत मध्ये दगड झाला. माझ्या आतही वाटणी झाली. लोखंडाचा भाग आधी गोठला, तांब्याचा रस कडेला ढकलला गेला आणि शेवटी पिवळाधमक होऊन बसला. त्या पिवळ्या किनारीनंच पुढं घात केला.

नदीनं डोंगर फोडला, माझा दगड घासूनपुसून लिंबाएवढा केला आणि घाटावर टाकला. तिथं मात्र मी मजेत होतो. उन्हात चमकायचं, कोणी वाकलं की सावलीत विझायचं! बहादरपूरच्या केळीवाल्यांना, असीरगढ बघून आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना मी कमरेतून वाकवलं आहे.

गेल्या चैत्रात कागद कारखान्यातून निवृत्त झालेले भास्करराव वारले. त्यांचा मुलगा नितीन पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरला. मागून त्याच्या कडूमामानं हाती लागला तो दगड, म्हणजे मला, उचलून प्रत्येक फेरीला मडक्याला एकेक भोक पाडलं.

गुरुजी म्हणाले, “हा जीवखडा. दहा दिवस हाच तुमचा बाप. सांभाळा.”

मी आतल्या आत खो-खो हसलो. आजवर मला कोणी चुलतासुद्धा म्हटलं नव्हतं, आणि एकदम बाप!

हसू घरी गेल्यावर थांबलं.

“नितीन, रोज पाणी द्यायचं,” त्याची आई सुशीलाबाई म्हणाली.

“आई, आजकाल सगळे दहाव्यालाच एकदम करतात.”

“करू देत. दवाखान्यात ते दिवसभर पाणी मागत होते. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून मी ओठसुद्धा ओले केले नाहीत. तसेच गेले. आता माझं पाणी कोण अडवतो बघते.”

मागच्या दारी मातीच्या परळात मला ठेवलं. नितीन तिळाचं पाणी ओंजळीनं सोडायचा, आणि ती दारातून सांगायची, “हळू. ठसका लागतो त्यांना.”

चौथ्या दिवशी पाणी देऊन झालं आणि मी सवयीनं उन्हात चमकलो. अंगणात कडूमामा होता.

“अरे देवा! दाजी जिंदगीभर कफल्लक, आणि आता सोनं निघालं की त्यांच्यात!”

ताईला चकित करू म्हणून त्यानं मला खिशात टाकलं आणि परळात दुसरा गोटा ठेवला. सराफानं छिन्नी मारून माझी कड उडवली, मला कसोटीवर घासलं. रेघ उमटली काळीकुट्ट.

“मामा, सोन्याची रेघ पिवळी येते. ये तो काजल है!”

आता टवका उडालेला बाप परत कसा ठेवायचा? मामाची हिंमत होईना. मी त्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी पडून राहिलो. तिकडं नितीन रोज त्या परक्या गोट्याला पाणी देत होता.

दहाव्या दिवशी सुशीलाबाई घाटावर आली. बायकांनी यायचं नसतं, पण तिला अडवणार कोण? नितीननं गोटा पाण्यात सोडायला हात पुढं केला.

“पोचलं असेल ना रे पाणी त्यांना?” तिनं विचारलं.

तिथं मामा फुटला. “ताई, मार मले. ते दाजी नाहीत. दाजी माझ्या खिशात आहेत.”

“किती दिवस?”

“पाच.”

“दोन्ही सोडा, मी मंत्र म्हणतो,” गुरुजी घाईनं म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. मला हातात घेतलं, टवक्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेलं. “तंबाखूचा वास मारतोय. त्यांनी सोडली होती रे, कडू.”

मग पायरीवर बसून तिनं ओंजळ भरली. “हे शनिवारचं. हे रविवारचं...” अशा पाच ओंजळी तिनं माझ्यावर सोडल्या.

जन्मभर मी लोकांना फसवलं. त्या दिवशी मात्र खरोखर प्यावंसं वाटलं. पण दगड कसा पिणार? पाणी अंगावरून घरंगळून पायरीवर गेलं. ती वाकून बघत होती, मुरतं का म्हणून.

“घेत नाहीत,” ती म्हणाली. आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तिनं मला तळाशी ठेवलं.

तेव्हापासून मी इथं आहे. छिन्नी लागली तिथून पाणी आत शिरतंय. रोज तिथं थोडा तांबूस गंज धरतो, आणि त्या गंजात पाणी जिरतं, बाहेर येत नाही. त्यातच मी हळूहळू संपणार. चमक तर गेलीच, आता कोणाला वाकवायचं नाही.

तुम्ही कधी राजघाटाच्या बाजूला गेलात, तर सुशीलाबाईचं घर विचारा. आत बसू नका, चहा घेऊ नका. दारातूनच तिला सांगा, घेतोय म्हणावं. हळूहळू घेतोय.