दुधी काचेवर लावलेली पाठ

"ही बया परत लुकलुकायला लागली! हिला धड पेटायचं नाही की धड विझायचं नाही," असं पुटपुटत फोटोवाल्या ताईंनी माझ्या कडेला एक चापट मारली. मी मुकाट्याने पेटले.

मित्रांनो, मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर टांगलेली. पुढे दुधी काच, आत दोन नळ्या आणि वर एक्स-रेची फिल्म अडकवायची पट्टी. माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझ्या सख्ख्या बहिणी दुकानांच्या पाट्या झाल्या, रात्रंदिवस रस्त्यावर मिरवल्या. माझ्या वाट्याला आली माणसांची हाडं. तक्रार नाही. मोडलेली मनगटं, निखळलेले खांदे, झिजलेले गुडघे, सगळे माझ्या छातीवर येऊन गेले. पूर्वीचे म्हातारे डॉक्टर सर्वांना सांगायचे, "ही पेटी कुणाची भीड ठेवत नाही." एवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

मग संगणकाचे पडदे आले. मला कुणी विचारेना. माझ्या खिळ्याला छत्री लटकू लागली. लोक पिशवीतून जुन्या फिल्म घेऊन आले, तरच माझी आठवण व्हायची.

त्या दिवशीही एक पिशवी आली. तिच्यासोबत आई, बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. बाबा तिला खारू म्हणत, कारण ती कधी एका जागी ठरत नसे. आता ती दारातून आली ती लाकडी बाहुलीसारखी. मान वळत नव्हती. बाजूला बघायचं तर सगळी फिरायची.

ताईंनी तिच्या पाठीच्या फिल्म ओळीने लावल्या. पहिलीत खांद्याजवळ एक धूसर डाग. तिथे गाठ आली होती, ती दुसरीकडच्या डॉक्टरांनी कापून काढली. दुसरी त्यानंतरची. डाग गेला नव्हता, त्याचं हाड झालं होतं. तिसरी आजची, जुन्यांशी ताडून बघायला मुद्दाम फिल्मवर काढलेली. मांस असायला हवं तिथे हाडाच्या फांद्या पसरलेल्या, खांद्यापासून बरगड्यांपर्यंत.

माझ्या दोन्ही नळ्या थरथरल्या. हे मी पाहिलं होतं. फार वर्षांपूर्वी एका तरुणाची अशीच पाठ माझ्यावर लावली होती. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्याच्या पावलांची फिल्म मागवली. दोन्ही अंगठे आखूड आणि बोटांकडे कललेले. "जन्मतःच चिठ्ठी घेऊन आला होता बिचारा," ते म्हणाले होते, "आपण कुणी वाचलीच नाही." तोवर त्याची पाठ चार वेळा कापून झाली होती, आणि प्रत्येक वेळी कापलेल्या जागी दुप्पट हाड धरलं होतं.

"कापून टाका हो एकदाचं," खारूचे बाबा हात जोडून म्हणत होते. "पोरीला स्वतःची वेणी घालता येत नाही. घास तोंडाशी नेताना मान खाली आणावी लागते, ती पण येत नाही."

आताचे डॉक्टर तरुण आणि मनाने चांगले. त्यांनाही तिचे हाल बघवेनात. "परवा सकाळी घेऊ," ते म्हणाले. "या वेळी खोलवर जाऊन सगळं काढतो."

मित्रांनो, तोंड नसल्याचं दुःख मला तेव्हा कळलं. पाय बघा, पाय! मी आतल्या आत ओरडत होते. पण पाय दिसणार कसे? पोरीने जाड मोजे घातले होते. मी जीव खाऊन लुकलुकले, तर डॉक्टर म्हणाले, "ताई, ही पेटी काढून टाका आता."

कागदांवर सह्या झाल्या. खारू खुर्चीवरून उतरली. तिचा एक मोजा टाचेखाली गोळा झाला होता. तिने खाली बघायचा प्रयत्न केला, पण वाकता येईना. ताई गुडघ्यांवर बसल्या. "थांब गं राणी, मी नीट करते," म्हणत त्यांनी मोजा नीट चढवायला आधी काढला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"अंगठ्याला काय झालं हिच्या?"

"काही नाही," आई झटकन म्हणाली. "पायाला काही नाही तिच्या. पाठ दुखते."

"दुसरा दाखव बरं."

"अहो, जन्मापासून आहेत तसे. सासूबाई म्हणाल्या, झाकून ठेव, उगाच लोक नावं ठेवतील. चालते की ती नीट!"

"पाठीचं ऑपरेशन आहे, ताई. पायाचं काय मधेच?" डॉक्टर म्हणाले.

"मला कुठलं काय कळतंय, डॉक्टर. पण दोन्ही पायांचं सारखंच आहे. एक फोटो काढते, फार तर रागवा."

थोड्या वेळाने दोन लहान पावलं माझ्या छातीवर आली. अंगठे तसेच, आखूड, कललेले. डॉक्टरांनी पावलं बघितली. पाठ बघितली. पुन्हा पावलं. मग ते खाली बसले, कपाटातलं एक जाड पुस्तक उघडलं, बराच वेळ वाचलं, आपल्या सरांना फोन लावला आणि शेवटी सह्यांचे कागद फाडले.

"कापायचं नाही," ते हळूच म्हणाले. "फार क्वचित दिसतो हा आजार. जिथे कापू, टोचू, मार लागेल, तिथे शरीर नवं हाड करतं. सूज आली की लगेच या, तिच्यावर औषध देता येतं. पण झालेलं हाड..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"म्हणजे गेल्या वर्षी आम्ही जे कापून घेतलं..." बाबांचंही वाक्य अर्धंच राहिलं. ते दुसऱ्या फिल्मकडे बघत राहिले. मला माझ्याच उजेडाची लाज वाटली. मी तरी तो लपवायचा कसा?

मित्रांनो, मला कचऱ्यात टाकलंत तरी मी रुसणार नाही. एवढंच ऐका. आपल्या माणसाचं जे वेगळं आहे, ते लाजेपोटी डॉक्टरांपासून झाकू नका. आणि डॉक्टर होणाऱ्यांनो, पाठ दुखली तरी मोजे काढून बघा. बघायला दोन क्षण लागतात. आम्ही ते एका वर्षाने आणि एका सुरीने उशिरा बघितलं.

खारू सगळं ऐकत होती. मोठ्यांना वाटतं, मान न वळणाऱ्या मुलांना ऐकूही येत नाही. ती अख्खी वळून बाबांसमोर उभी राहिली.

"मग मी कधी बरी होणार?"

"होईल गं... होईल सगळं नीट," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. ताई माझी स्वच्छ काच पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या.

आई तिच्यासमोर जमिनीवर बसली, म्हणजे लेकीला मान न वाकवता तिचा चेहरा दिसावा.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "तू बरी नाही होणार."