दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

दयाने रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरली आणि ओल्या फडक्याने रेघांच्या दिशेने पुसली. फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेलं होतं. कॉलेजातली प्रयोगशाळा सोडून बरीच वर्षं झाली, तरी या कामाला नळाचं पाणी तिला चालत नसे. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. काउंटरमागे तिचा नवरा शांतवन हनुवटीला हात लावून वाट बघत होता.

तिने सुई टेकवली. पहिली बाजू संपली तेव्हा ती म्हणाली, "खरखर नाही. ड्रम डावीकडे, गिटार उजवीकडे. गाणाऱ्याचा आवाज मधे, पण मागे."

"किती मागे?"

"शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तितका."

शांतवनने मान हलवली. एवढं त्याला पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं नीट कळे. गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं ऐकू येई. डॉक्टर म्हणाले, यंत्र बोलण्यासाठीच असतं. हे त्याने दयाशिवाय कुणाला सांगितलं नाही. नगरमधल्या या दुकानात लोक रेकॉर्ड घ्यायला येत, त्याहून जास्त शांतवनचं मत घ्यायला. सिनेमाची रेकॉर्ड घ्यायची तर पार्श्वसंगीत असलेलीच घ्या, नुसती गाणी मोबाईलवर आहेतच. दोन रेकॉर्डींचा अल्बम घेऊ नका, त्यातली एक बाजू नेहमी भरतीची असते. आणि निवडक गाण्यांची रेकॉर्ड म्हणजे लग्नातलं बुफे. ताट भरतं, चव कशाचीच कळत नाही. अशा मतांवर दुकान चाललं होतं.

म्हणून दर शनिवारी दुकान उघडण्याआधी दया ऐकायची आणि तो विचारायचा. दिवसभर तेच त्याच्या आवाजात गिऱ्हाइकांपुढे जायचं. तोवर ती मागच्या फळीशी पाकिटं पुसत उभी असायची. तिचे पाय दुखत. पण खरा शीण पायांचा नव्हता. दोन वर्षांत खरखर कुठे आहे, हे त्याने शंभरदा विचारलं असेल. तुला कशी वाटली, हे एकदाही नाही.

तिने बाजू उलटली. पाकिटावर पाणी नसलेला पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या तळाशी एक खुर्ची. बँडचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. शेवटचं गाणं लांबलचक होतं. एकेक वाद्य थांबत गेलं, शेवटी एकटी बेस गिटार उरली आणि तीही थांबली.

सुई मधल्या रिकाम्या रेघेत फिरत राहिली. टक. टक. टक. दयाचा हात फडक्यावर तसाच होता. शांतवन फिरणाऱ्या लेबलकडे बघत होता. मग तिच्याकडे.

तिने घाईने सुई उचलली. "ठीक आहे. खरखर नाही."

"हं."

"अहो, पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही. थकले मी."

त्याने यंत्र कानात जरा दाबलं, पण ऐकू आलं नाही असं नव्हतं. उठून त्याने शटर पूर्ण वर केलं.

थोड्या वेळाने रंगनाथ आला. कर्जतचा. त्याचा दुधाचा टेम्पो, घरी गोठा आणि गोठ्यात स्पीकर.

"वहिनी, नमस्कार! भाऊ, मागल्या टायमाला दिल्याली लई भारी निघाली. म्हशीबी रवंथ थांबवून ऐकत्यात."

"दूध वाढलं का?" शांतवनने विचारलं.

"दूध न्हाई वाढलं. बायकोची कटकट वाढली. तिच्यासाठी एक सिनेमाची द्या, म्हंजी गप बसंल. आन मला गिटारवाली." त्याने काउंटरवरचं तलावाचं पाकीट उचललं. "ही कशी हाय?"

दया फळीकडे वळली. आता शांतवन सांगेल: आवाज मागे आहे, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. तिने फडकं झटकलं.

मागून काउंटरवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. शांतवनने कानातलं यंत्र काढून काउंटरवर, रंगनाथच्या पुढ्यात ठेवलं होतं.

"यातून माणूस ऐकू येतो, रंगनाथ. गाणं येत नाही. दोन वर्षं झाली."

रंगनाथने यंत्राकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "मंग म्हशींची?"

त्याचे ओठ वाचून शांतवन म्हणाला, "ती हिनं ऐकली होती. सगळ्या हिनंच ऐकल्या. कशी वाटली ते हिलाच विचार."

रंगनाथने हातातलं पाकीट उलटंसुलटं केलं. दयाला वाटलं, आता हा पाकीट ठेवून निघून जाईल आणि कर्जतपर्यंत सांगत सुटेल. तो तिच्याकडे वळला.

"मंग वहिनी, घिऊ का?"

"खरखर नाही," ती म्हणाली. मग थांबली. "दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं... त्यात सगळे एकेक करून निघून जातात. एकच जण राहतो. त्याला घाई नसते. घरात कुणी नसताना ऐकायचं आहे ते."

"मंग द्या की."

"ही नाही देणार. ही मी ठेवतेय."

"आता गं! इकायची न्हाई तर एवढी तारीफ कशापायी?"

त्याच्या हातून घेतलेलं पाकीट रेकॉर्डसकट तिच्या कापडी पिशवीत गेलं होतं. शांतवन तिच्या हाताकडे बघत होता. "काय म्हणाली?" त्याने रंगनाथला विचारलं.

"न्हाई देत म्हणत्यात!" रंगनाथ ओरडला. "तुमच्याहून कडक हायत!"

शांतवन काउंटरमागून बाहेर आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसला. यंत्र काउंटरवरच राहिलं.

दयाने फळीवरून दोन रेकॉर्डी काढल्या. "ही बायकोला. आणि ही तुम्हाला, पण पहिलंच गाणं रटाळ आहे. ते सोडून लावा."

"आन न्हाई आवडली तर?"

"तर परत आणा," दया म्हणाली. "शनिवारी. मी असते."

तिने पाठमोऱ्या शांतवनकडे पाहिलं. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.