दगडाबाईंचे वीस शब्द

गायक ज्याच्यापुढे डोळे मिटून उभे राहतात, तो मायक्रोफोन मी नव्हे, मित्रांनो. मी मोजणीचा मायक्रोफोन आहे. पेन्सिलीएवढा जाड, वीतभर लांब, आणि आता जुना. माझ्या टोकाला निकेलचा एक पडदा आहे. तो केसाहून कितीतरी पातळ आहे. हवेचा दाब किंचित बदलला तरी तो हलतो आणि तो किती हलला एवढेच मी सांगतो. आवाज गोड होता की कडू, हे मला ठाऊक नसते. गोडव्याचे एकक अजून कुणी ठरवलेले नाही.

माझी उमेदीची चौदा वर्षे सांगलीच्या एका महाविद्यालयात, ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. तेथे चारुलताबाई भौतिकशास्त्र शिकवत. दरवर्षी जूनमध्ये त्या माझ्या टोकावर एक छोटी डबी चढवत, तिच्यातून ठरावीक ताकदीचा सूर सोडत आणि मी तो बरोबर मोजतो का, हे पाहत. बारा वर्षे मी बरोबर मोजला. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा बाईंनी ती चूक वहीत लिहिली आणि त्या वर्षीचे सगळे प्रयोग पुन्हा केले. माझ्या आयुष्यात मला मिळालेला एवढाच सन्मान मी सन्मान मानतो.

बाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेच्या जागी सोफे आले, भिंतीवर रंगीत अक्षरे आली आणि आम्ही भंगारात गेलो. तेथून मला राजवर्धन नावाच्या गृहस्थांनी उचलले. सांगलीत त्यांचे होम थिएटरचे वातानुकूलित दालन होते. आता पुन्हा काम मिळणार, असे मला वाटले. ती माझी तिसरी चूक. ती कुठल्याच वहीत नाही.

राजवर्धन मला चकचकीत स्टँडवर लावत आणि गिऱ्हाइकाच्या कोचासमोर उभे करत. माझी वायर कोचामागे लोंबत असे. ती कशालाच जोडलेली नसे. मग ते संगणकाच्या पडद्यावर एक सुंदर आलेख दाखवत. तो कधीतरी, कुठल्यातरी दुसऱ्याच खोलीत काढलेला होता. ‘‘हे बघा साहेब, तुमच्या खोलीचं शास्त्रीय मोजमाप!’’ असे म्हणून ते माझ्याकडे बोट दाखवत. मला ओकारी यावी, असे माझ्या रचनेत काही नाही. पण त्या काळात ते असायला हवे होते, असे मला वाटे.

त्या दुकानात एकच व्यक्ती मला ओळखत होती. रुक्सार. ती चारुलताबाईंची विद्यार्थिनी. तिथे स्पीकर बसवण्याचे आणि जोडणीचे काम करायची. माझ्या अंगावरचा प्रयोगशाळेचा क्रमांक तिने पहिल्याच दिवशी वाचला होता. दुसऱ्या दिवशी एक टोपण आणून तिने माझ्या टोकावर बसवले, धूळ बसू नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या चार दिवस आधी, आम्हाला विट्याजवळच्या एका गावात नेण्यात आले. तेथे दादासोंनी नवे घर बांधले होते. विट्याकडची कितीतरी माणसे देशभर गलाईची दुकाने चालवतात, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करतात. दादासोंचे दुकान केरळात. ते सणाला गावी आले होते आणि परत जाण्याआधी त्यांना घरातले थिएटर पुरे करायचे होते. आईसाठी.

दगडाबाई, म्हणजे दादासोंच्या आई, यांनी विट्यात सव्वीस वर्षे यंत्रमागावर काम केले होते. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. पण सगळे गेले नव्हते. जाडे आवाज त्यांना येत. ‘स’, ‘त’, ‘क’, ‘प’ यांच्यासारखे बारीक आवाज गळून पडत. बोलणे सुरू आहे, हे त्यांना कळे. काय बोलणे आहे, ते कळत नसे. डॉक्टरांनी दिलेले यंत्र त्यांनी डब्यात ठेवले होते. ते घातले की त्यांना पुन्हा मागाशेजारी बसल्यासारखे वाटे. घरातले हसले की त्याही हसत, क्षणभर उशिरा.

‘‘पैशाचं बोलू नका,’’ दादासो राजवर्धनना म्हणाले. ‘‘सगळ्यात भारी मिशीन लावा. आईला शिनेमातलं सगळं बोलणं समजाय पायजे. लय वर्सं झाली, तिला कोन काय बोललं ते कळलं न्हाई.’’

ते यंत्र म्हणजे सराउंड प्रोसेसर. चित्रपटातला आवाज तो आत घेतो आणि कोणत्या स्पीकरने, केव्हा, किती बोलायचे ते ठरवतो. राजवर्धननी दोन आणले होते. एक सोनेरी दर्शनी पट्टीचा, सोळा वाटांचा, म्हणजे सोळा स्पीकर जोडता येतील असा, उचलायला दोन माणसे लागणारा. दुसरा काळा, साधा, त्याच्या निम्म्या आकाराचा. खोलीत स्पीकर सात होते. सोळा वाटांपैकी नऊ वाटा कुठे जाणार होत्या, हे कुणी विचारले नाही.

दादासोंनी आतून वजनकाटा आणवला. दोन्ही यंत्रे तोलली. सोनेरी तेवीस किलो भरला, काळा साडेनऊ.

‘‘फरक हाय की!’’ ते म्हणाले.

‘‘जड वस्तूचं कामच वेगळं, दादा,’’ राजवर्धन म्हणाले. ‘‘ऐका आता.’’

मग त्यांनी दोन्ही यंत्रे आळीपाळीने वाजवली. सोनेरी यंत्राचा आवाज त्यांनी गुपचूप तीन डेसिबलने चढवून ठेवला होता. मित्रांनो, थोडा मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही. चांगला वाटतो. तुमच्या कानाचा हा जुना दोष आहे आणि त्यावर कित्येक दुकाने उभी आहेत. मी समोरच उभा होतो. मला ते तीन डेसिबल अंगावर जाणवत होते आणि माझी वायर कोचामागे मोकळी लोंबत होती.

‘‘काय आजी, कुठलं बरं वाटलं?’’ रुक्सारने विचारले. दगडाबाईंनी हसून मान डोलावली.

‘‘म्हातारीला काय विचारतेस?’’ राजवर्धन नेहमीच्या आवाजात म्हणाले. दगडाबाई त्यांच्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. ‘‘तिला घंटा वाजली काय आणि भांडं पडलं काय. निर्णय दादांचा.’’

‘‘तिला ऐकू जात न्हाई, बोला तुमी,’’ दादासो म्हणाले.

रुक्सारने माझ्याकडे पाहिले. मग ती दादासोंसमोर जाऊन उभी राहिली.

‘‘दादा, एक विचारू? दुकानात कुणी पाटली घेऊन आलं आणि म्हणालं, चोख सोनं आहे, तर तुम्ही काय करता?’’

‘‘काय म्हंजे? नमुना काढतो. जाळून बघतो.’’

‘‘नुसतं वजन करून पैसे देत नाही?’’

‘‘खुळा हाय काय मी?’’

‘‘मग इथं का देताय?’’

राजवर्धन हसले. ‘‘पोरगी हुशार आहे, पण जरा—’’

‘‘थांबा, राजवर्धनसाहेब,’’ दादासो म्हणाले. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली होती. ‘‘नमुना कसा काढायचा, पोरी?’’

रुक्सारने माझे टोपण काढले आणि माझी वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतरचा तासभर माझ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ तास होता. दगडाबाईंच्या कानाजवळ मला धरून तिने आधी दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा केला, सत्तर डेसिबल, ना कमी ना जास्त. दोन्हींवर चादर टाकली. तिच्या मोबाइलमध्ये रोजच्या वापरातल्या वीस-वीस शब्दांच्या याद्या तिच्याच आवाजात भरलेल्या होत्या. प्रत्येक वेळी यादी वेगळी, म्हणजे पाठांतराला वाव नाही. स्पीकरमधून शब्द यायचा, दगडाबाईंनी तो परत म्हणायचा.

‘‘पाटी,’’ स्पीकर म्हणाला.

‘‘आजी?’’ दगडाबाई म्हणाल्या.

‘‘कापूस.’’

‘‘माणूस.’’

सोनेरी यंत्रावर वीसपैकी आठ शब्द बरोबर आले. काळ्यावर नऊ. वीसमधल्या एका शब्दावरून जो निष्कर्ष काढेल, त्याला चारुलताबाईंनी वर्गाबाहेर काढले असते. सरळ अर्थ एवढाच होता की दोन्ही यंत्रे सारखीच निरुपयोगी ठरत होती.

दादासोंचा चेहरा उतरला. ‘‘म्हंजे आईला कळायचं न्हाईच?’’

रुक्सारने खोलीच्या मधोमध जाऊन एक टाळी वाजवली. ती टाळी विझायला एक पूर्णांक नऊ दशांश सेकंद लागले. मी मोजले. भिंतींना खालपासून वरपर्यंत गुळगुळीत ग्रॅनाइट होते, जमिनीवर संगमरवर आणि छताला सोनेरी नक्षी. प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येत होता आणि पुढच्या शब्दावर सांडत होता. ज्या कानाला आधीच अर्धे ऐकू येते, त्याने त्या रेंद्यातून काय निवडावे? ज्या माणसाने हे ग्रॅनाइट सुचवले, त्याला त्याच खोलीत बसवून आठवडाभर पाढे ऐकवावेत, असे माझे मत झाले. मी सहसा मत देत नाही.

‘‘दादा, घरात वाकळा आहेत?’’ रुक्सारने विचारले.

‘‘वाकळा? माळ्यावर ढीग हाय. कशाला?’’

जुन्या लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या बारा जाड वाकळा खाली आल्या. दोऱ्या बांधून त्या भिंतींवर सोडल्या, एका वितीची पोकळी ठेवून. थिएटर क्षणात वाळवण घातलेल्या अंगणासारखे दिसू लागले. राजवर्धननी नाकाला रुमाल लावला.

‘‘ही काय गोठ्याची कळा आणली? दादा, उद्या पाहुणे येणार, अशा खोलीत बसवणार त्यांना?’’ मग ते दादासोंकडे झुकले, पण आवाज लहान करायची गरज त्यांना वाटली नाही. ‘‘माझं ऐका. सोनेरीच घ्या. लोक बघतात ते यंत्र बघतात. म्हातारीला काय, दोन वर्षांची सोबत. तिच्या कानासाठी एवढा खटाटोप?’’

‘‘दोन वर्सं कुनी सांगितली रं तुला?’’

दगडाबाई खुर्चीतून उठत होत्या.

‘‘तुझ्या घरात म्हातारी हाय का न्हाई? का तिला बी असंच मोजतोस?’’ मग त्या लेकाकडे वळल्या. ‘‘आन् तू? तुझ्या म्होरं बोलतोय त्यो. मघाधरनं असंच बोलत हुता काय?’’

दादासोंनी मान खाली घातली. मघापासून असेच बोलणे चालले होते, हे त्या खोलीत तिघांना आणि मला माहीत होते.

‘‘आये,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘तुला ऐकू आलं?’’

‘‘सगळं. त्याचं तोंड बी वास मारतंय, ते येगळं.’’

रुक्सार हसली नाही. तिने पुढची यादी लावली. काळ्या यंत्रावर सोळा शब्द बरोबर आले. सोनेरी यंत्रावर तीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हाही सोळाच. टाळी आता सात दशांश सेकंदात विझत होती. वाकळा राहिल्या, काळे यंत्र राहिले आणि सोनेरी यंत्र दोन माणसांनी उचलून पुन्हा गाडीत नेले. राजवर्धननी अंगणातच रुक्सारला सांगितले की उद्यापासून दुकानात यायचे कारण नाही. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली, ‘‘मला राजीनामा टाइप करायचा कंटाळाच आला होता.’’

मित्रांनो, माझी गोष्ट येथे संपली असती तर मी समाधानाने गप्प बसलो असतो. पण दादासोंना फार कृतज्ञता वाटली. कृतज्ञ माणूस काय करील, याचा नेम नसतो. त्यांनी मला राजवर्धनकडून विकत घेतले आणि तीन दिवसांनी खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. पाटावर तराजू होता, सोने वितळवायची मूस होती, चिमटे होते. मध्यभागी, तांदळाच्या राशीवर, मी. दगडाबाईंनी माझ्या अंगावर पाणी शिंपडले. मग माझे टोपण काढून, नेमके टोकावर, पडद्याच्या जाळीवर, त्यांनी हळद लावली, कुंकू लावले आणि त्यावर अक्षता चिकटवल्या.

‘‘ह्यानंच माझं कान उघाडलं,’’ त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

हे विधान चुकीचे होते. कान वाकळांनी उघडले होते. त्यांच्यापुढे कुणी उदबत्तीही लावली नाही. ओले कुंकू जाळीतून झिरपून पडद्यावर वाळले आणि ज्या पडद्याने चौदा वर्षे हवेची कुजबुज टिपली, तो लाल चिखलात कडक होऊन बसला. इतका घाण मी भंगाराच्या पोत्यातही झालो नव्हतो. आणि हे सारे इतक्या प्रेमाने झाले की मला रागही धड करता येईना.

आता मी देवघरात असतो. आलेल्यागेलेल्याला माझी कथा सांगतात. दरवेळी तिच्यातला वाकळांचा भाग थोडा लहान होतो. गेल्या वर्षी गावातल्या आणखी सहा घरांत माझ्यासारखे सहा मायक्रोफोन आले, देवघरात ठेवायला. विकणारे राजवर्धनच. प्रत्येक मायक्रोफोनसोबत ते हळदीची पुडी फुकट देतात.

मागच्या महिन्यात रुक्सार आली होती. तिने मला हातात घेतले आणि उजेडाकडे धरले.

‘‘आजी, ह्याचा पडदा गेलाय. मला द्या. पुण्याला पाठवून नवा बसवते, तपासून आणते.’’

‘‘काय बोलतीस पोरी!’’ दगडाबाईंनी मला तिच्या हातातून हळूच काढून घेतले. ‘‘देव कुनी दुरुस्तीला देतं व्हय?’’

मित्रांनो, तुमच्या घरी मोजणारे काही असेल, साधा ताप मोजायचा थर्मामीटर असेल, किराण्याचा काटा असेल, पट्टी असेल, तर त्याला नमस्कार करू नका. त्याच्यावर शंका घ्या. वर्षातून एकदा त्याला खोटे पाडण्याचा मनापासून प्रयत्न करा. कोरडे ठेवा, कामाला लावा आणि चुकले तर वहीत लिहा. आणि कधी विट्याकडे आलात, या घरात पाया पडायला तुम्हाला माझ्यापुढे उभे केले, तर वाकल्यासारखे करून माझ्या टोकावरच्या अक्षता तेवढ्या नखाने काढा. बाकीचे रुक्सारला जमेल.